खताचे यंत्र घ्यावे का?

बिशीचा नंबर लागला की हातात पैसे येण्याआधीच त्यांचा हिशेब मनात सुरू होतो. गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाभींचा नंबर लागला. तीस हजार रुपये येणार होते. संध्याकाळी त्या चहाला आल्या आणि ओट्याखाली बोट दाखवून म्हणाल्या, "आपा, हे तुमच्यासारखे खताचे यंत्र घेऊन टाकू का? कचऱ्याची कटकटच मिटेल."

आम्ही लगेच हो म्हटले नाही. आठ महिने हे यंत्र आमच्या स्वयंपाकघरात चालू आहे. त्याचे सुख आम्हाला माहीत आहे आणि त्याने केलेली फजितीही. भाभींना जे सांगितले तेच आज आपल्यालाही सांगतो. हल्ली अशा यंत्रांच्या जाहिराती प्रत्येकाच्या मोबाईलवर दिसतात, आणि त्यात 'काही तासांत खत' असे लिहिलेले असते.

आम्ही नाशिकच्या वडाळा रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात सात माणसे. गच्चीला सोसायटीचे कुलूप, बाल्कनीत जेमतेम सहा कुंड्या. वर्षभरापूर्वीपर्यंत आमच्याकडे एकच बादली होती. भाजीची साले, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, उरलेला भात, सगळे त्या एकाच बादलीत. सकाळी घंटागाडी आली की पिशवी दिली, विषय संपला.

एका सकाळी आमचीच पिशवी उचलताना गाडीवरच्या भाऊंचा तळहात कापला. आदल्या रात्री फुटलेला काचेचा पेला आम्ही उरलेल्या बिर्याणीसोबत त्याच पिशवीत बांधला होता. अम्मींनी त्यांना खाली खुर्चीवर बसवले, हात धुऊन पट्टी बांधली आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी मुलाला त्यांच्यासोबत पाठवले. जाताना ते म्हणाले, "राहू द्या खाला, हे रोजचेच आहे." अम्मी त्या दिवशी दुपारी जेवल्या नाहीत. आपल्या घरची काच आणि आपल्या घरचे अन्न एकत्र करून आपण ते दुसऱ्याच्या हातात देतो, ही गोष्ट त्यांना फार लागली. संध्याकाळी घरात तीन डबे आले.

घरोघरी घंटागाडी फिरवण्याची ही पद्धत आपल्या नाशिकने नव्वदच्या दशकातच सुरू केली, आणि नंतर इतर शहरांनीही ती उचलली. पुढे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. ओल्यात साले, देठ, चोथा, शिळे अन्न. सुक्यात कागद, प्लास्टिक, पत्रा. घातक कचऱ्यात जुनी औषधे, बॅटरी सेल, बल्ब, रंगाचे डबे. डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून स्वतंत्र पुडीत द्यायचे. काच जाड कागदात गुंडाळून द्यावी आणि देताना तोंडाने सांगावे, एवढी भर आमच्या अम्मींची.

वेगळे करणे सोपे ठरले. अवघड झाले ते ओल्या कचऱ्याचा डबा सांभाळणे. एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत डब्याला वास येई, चिलटे घोंगावत. तेवढ्यात दुबईहून सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावाने हे विजेचे यंत्र आणले. तिथला प्लग आपल्या बोर्डात बसेना म्हणून जोड आणावा लागला. घरात मोठा उत्साह होता. रात्री डबा भरायचा, बटण दाबायचे, सकाळी तपकिरी भुकटी तयार. आकार एवढा कमी होई की चार दिवसांचा कचरा एका बरणीत मावे. वास नाही, चिलटे नाहीत. मुलीने ती भुकटी मोठ्या हौसेने कुंड्यांत घातली. पुदिना, मोगरा, कढीपत्ता, कुणालाच वगळले नाही.

आठव्या दिवशी कुंड्यांवर पांढरी बुरशी पसरली. ज्या वासापासून सुटका झाली म्हणत होतो, तो आता बाल्कनीतून येऊ लागला. पुदिना पिवळा पडला आणि मेला. मोगरा कसाबसा वाचला. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "खतानेच झाड मारले."

ते खत नव्हतेच. हे यंत्र नेमके काय करते, ते समजून घेतले पाहिजे. भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त पाणीच असते. यंत्र कचरा तापवते, त्यातले पाणी उडवते आणि पात्यांनी त्याचा चुरा करते. किलोभर साले आत गेली की पाव किलोच्या आसपास भुकटी निघते. जे कमी झाले ते मुख्यतः पाणी. साले कुजलेली नसतात, वाळून दळली गेलेली असतात. मसाल्यासाठी आपण मिरच्या वाळवून कुटतो, त्यातलाच हा प्रकार.

खत होणे हे जिवाणूंचे काम आहे. त्यांना ओल लागते, हवा लागते आणि वेळ लागतो. हिरव्या ओल्या कचऱ्यासोबत वाळलेला पाला, लाकडाचा भुसा असे कोरडे खाद्यही लागते. हे सगळे जमले की ढीग आपोआप गरम होतो, मग थंड होतो, आणि दोन-तीन महिन्यांनी मातीसारखा वास येणारे काळे खत मिळते. यंत्रातल्या कडक उष्णतेत हे जिवाणू बहुतांशी मरतात, आणि कोरड्या भुकटीत नव्यांना काम करता येत नाही. आपण कुंडीला पाणी घातले की थांबलेले कुजणे तिथे सुरू होते, अगदी मुळांपाशी. कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र आधी स्वतःसाठी वापरतात. झाड उपाशी राहते आणि पाने पिवळी पडतात. आमचा पुदिना असाच गेला.

मग आम्ही पद्धत बदलली. एका जुन्या बादलीला तळाशी भोके पाडली. एक भाग भुकटीला दहा भाग माती असे मिश्रण करून ती भरली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी टपकू नये, इतपत ओल ठेवली. वर गोणपाट झाकले आणि आठवड्यातून दोनदा उलथणे फिरवले. चार आठवड्यांनी बुरशी गेली, वास गेला. तरी लगेच कुंडीत घातले नाही. एका वाटीत ती माती घेऊन मेथीचे दाणे पेरले. तीन-चार दिवसांत कोंब ताठ आणि हिरवे आले तर माती तयार आहे असे समजावे. दाणे कुजले किंवा कोंब पिवळे पडले तर आणखी दोन आठवडे थांबावे. आता बाल्कनीत नवा पुदिना आहे आणि चटणीपुरता रोज मिळतो.

बाजारात दुसऱ्या प्रकारचीही यंत्रे आहेत. त्यांत जिवाणूंचे विरजण आधीच घातलेले असते, ऊब सौम्य असते आणि कचरा रोज थोडा थोडा टाकायचा असतो. त्यातून निघणारा माल खताच्या जास्त जवळ जातो, पण ती यंत्रे दिवसरात्र चालू ठेवावी लागतात आणि तो मालही काही आठवडे मातीत मुरवावाच लागतो. घेताना दुकानदाराला साधा प्रश्न विचारावा: हे वाळवते की कुजवते?

आता विजेचे. आमच्यासारख्या छोट्या यंत्राला एका फेरीला पाऊण ते एक युनिट लागते. रोज एक फेरी म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस युनिट. हे ऐकायला थोडे वाटते, पण आपल्याकडे 100 युनिटपर्यंतचा दर वेगळा आणि त्यापुढचा बराच जास्त. ज्यांचे बिल नव्वदच्या आसपास थांबते, त्यांची वरची युनिटे महाग दरात जातील. शिवाय वास शोषणारी कोळशाची जाळी काही महिन्यांनी बदलावी लागते. तो खर्च जाहिरातीत दिसत नाही.

काय घालावे आणि काय नाही, हेही ठेच लागूनच कळले. फळांची साले, भाजीचे देठ, अंड्याची टरफले, चहाचा चोथा चालतो. कोंबडीची बारीक हाडे आमच्या यंत्राने दळली, पण आपल्या यंत्राचे माहितीपत्रक आधी पाहावे. मटणाची नळी आणि आंब्याची कोय घालू नये, पाती अडकतात. तेलकट सालन, लोणचे, खारवलेले पदार्थ शक्यतो टाळावेत. पाणी उडून जाते पण मीठ भुकटीतच राहते, आणि वरचेवर मीठ गेले की कुंडीतली माती बिघडते. रमजानमध्ये इफ्तारनंतर टरबूज-खरबुजाच्या सालींचा ढीग होतो. त्या बारीक कापून रात्रभर चाळणीत निथळू द्याव्यात, फेरी लवकर संपते. खजुराच्या बिया मात्र बाजूला काढाव्यात. कुर्बानीच्या अवशेषांसाठी हे यंत्र अजिबात नाही. त्या दिवसांत महापालिका जी व्यवस्था करते, तिथेच ते पोहोचवावेत. नाल्यात किंवा उघड्यावर एक तुकडाही जाऊ नये.

या यंत्राने आम्हाला एक गोष्ट मात्र अशी दाखवली, जी आम्ही त्याच्याकडे मागितली नव्हती. डबा किती भरावा याचा अंदाज यावा म्हणून आम्ही आठवडाभर कचरा तोलून वहीत लिहिला. सात दिवसांत नऊ किलो भरला, आणि त्यातले साडेतीन किलो साले-देठ नव्हतेच. त्या होत्या पोळ्या, भात, अर्धवट खाल्लेले सालन. म्हणजे तिजोरीतून पैसे काढून आम्ही अन्न शिजवत होतो, आणि मग आणखी वीज जाळून त्याची भुकटी करत होतो. दस्तरखानावर सांडलेला दाणा उचलायला मुलांना शिकवणाऱ्या अम्मी ती वही बघून गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "इस्राफ डब्यात टाकला काय अन् मशीनमध्ये टाकला काय, इस्राफच आहे."

त्या दिवसापासून कणीक मोजून मळली जाते. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होतो, भाताला फोडणी बसते. त्यातूनही कोरड्या पोळ्या उरल्याच तर बुरशी येण्याआधी वडाळ्यातल्या गोठ्यात जातात. बुरशी आलेले जनावरालाही देऊ नये. तिसऱ्या महिन्यात आम्ही पुन्हा आठवडाभर तोलले, तेव्हा सहा किलो भरले. ही तीन किलोंची बचत यंत्राने केली नाही, वहीने केली. वही वीस रुपयांची.

ज्यांच्याकडे अंगण, गच्ची किंवा थोडी मोकळी बाल्कनी आहे, त्यांना तर यंत्राची गरजच नाही. जुन्या नाशकात कथड्याला आमच्या खालाच्या घरी मागे छोटेसे अंगण आहे. तिथे भोके पाडलेली दोन मातीची मडकी पुरतात. तळाशी वाळलेला पाला, त्यावर चिरलेला ओला कचरा, त्यावर पुन्हा मूठभर पाला किंवा भुसा, आणि सुरुवातीला वाटीभर आंबट ताक. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून कोरडा पाला घालावा. मुंग्या लागल्या तर फार कोरडे झाले असे समजून पाणी शिंपडावे. एक मडके भरले की दुसरे सुरू करावे, ते भरेपर्यंत पहिल्यातले खत होत येते. यात मांस-मच्छी आणि शिजवलेले अन्न घालू नये, उंदीर येतात.

आणि ज्यांना यातले काहीच जमत नाही, त्यांनी नुसता ओला कचरा वेगळा करून घंटागाडीत दिला तरी मोठे काम होते. नाशिक महापालिकेचा पाथर्डी शिवारात खत प्रकल्प आहे. जर्मनीच्या जीआयझी संस्थेच्या साह्याने हॉटेलांचा ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करून त्यापासून गॅस आणि वीज करण्याचा प्रकल्पही आपल्या शहराने उभारला. पण खत असो वा वीज, कचऱ्यात प्लास्टिक आणि काच मिसळली की सगळेच अडते. कचऱ्याच्या ढिगात दबलेले अन्न हवेविना कुजते, त्यातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. उन्हाळ्यात कचरा डेपोंना आगी लागतात त्याचे हे एक कारण. ती आग टाळण्याची सुरुवात आपल्या ओट्याजवळ होते.

मग यंत्र घ्यावे कोणी? जागा अजिबात नाही, घरात माणसे जास्त, कुणाला वासाने त्रास होतो, आणि भुकटी मुरवायला निदान एक बादली ठेवता येते, अशा घराने खुशाल घ्यावे. चार घरांनी मिळून एक घेतले तर खर्चही वाटला जातो. कचऱ्याची कटकट पूर्ण मिटेल या आशेने मात्र कुणी घेऊ नये. ती मिटत नाही, थोडी सोपी होते.

भाभींनी हे सगळे ऐकून घेतले आणि आधी आठवडाभर तोलून बघते म्हणाल्या. आमच्या घरचा वजनकाटा सध्या त्यांच्याकडे आहे. बिशीचे पैसे अजून बँकेतच आहेत. गाडीवरच्या भाऊंच्या तळहातावरचा व्रण आता पुसट झाला आहे. पण रोज सकाळी डबे देताना अम्मी अजूनही स्वतः खाली उतरतात आणि सांगतात, "भाऊ, यात काच नाही." ज्या दिवशी असते, त्या दिवशी पुडी वेगळी हातात देतात.

आपल्या घरी काय जमले, काय बिघडले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.