रेकॉर्डिंगही गावाने वाटून घ्यावे

हिवरे बाजार या गावात पाणी कुणा एकाचे नाही. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या.

हाच न्याय दूरदर्शनच्या शेतीविषयक कार्यक्रमांनाही हवा. 26 मे 2015 रोजी डीडी किसान वाहिनी सुरू झाली. पण कार्यक्रम लागतो तेव्हा शेतकरी अनेकदा शिवारात असतो. टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलेला संगणक कार्यक्रम टिपून ठेवतो आणि राउटरने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावर तो हवा तेव्हा पाहता येतो.

असे रेकॉर्डिंग गावाने वाटून घ्यायचे तर अडचण कायद्याची आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 39 खासगी वापर, अध्यापन आणि संशोधनासाठी रेकॉर्डिंगची मुभा देते. शेजाऱ्यांत वाटण्याची मुभा त्यात नाही. जनतेच्या पैशातून बनलेल्या कार्यक्रमांसाठी प्रसार भारतीने गावांना ती परवानगी स्पष्ट शब्दांत द्यावी.