पडद्यावरचा सावकार आणि पडद्यामागचा सराफ

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती व समाजकार्य ह्यांवरील लेखांच्या पंक्तीस चित्रपटांवरील लेख बसवावा काय, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्ही चित्रकलेचे अभ्यासक नव्हे की समीक्षक नव्हे. केवळ हौशी प्रेक्षक आहोत. सामाजिक, विनोदी, भयपट, कोणताही प्रकार आम्हांस वर्ज्य नाही. परंतु पेढीवर बसणारा प्रेक्षक पडद्यावर व्यापारी आला की सावरून बसतो, आणि तसे बसून जे दिसले त्यावरून बनलेले मत येथे मांडावयाचे आहे. आपल्या चित्रपटांनी व्यापाऱ्यावर केलेले आरोप पुष्कळदा खरे आहेत. पण व्यापार कशावर चालतो, हे मात्र त्यांनी फारच क्वचित दाखविले आहे.

आरोपांपासून आरंभ करू. आम्हां सीमाभागातील लोकांस कोल्हापूर जवळचे. तेथे बाबूराव पेंटर ह्यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. पुढे १९५७ साली मेहबूब खान ह्यांच्या ‘मदर इंडिया’त कन्हैयालाल ह्यांनी सुखीलाला असा काही उभा केला की, सावकार म्हटल्याबरोबर तोच चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. पाचशे रुपयांच्या कर्जापोटी पिकाचे तीन हिस्से व्याजात नेणारा हा लाला पाहून आपल्यापैकी काहींस राग येतो तो चित्रपटावर. आमच्या मते तो अस्थानी आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा करावा लागला. हा इतिहास काही कोणा पटकथाकाराने रचलेला नाही.

राज कपूर ह्यांच्या ‘श्री ४२०’ (१९५५) मधील सेठ सोनाचंद धर्मानंद गोरगरिबांस शंभर रुपयांत घर देण्याची योजना काढतो. अल्प मुदतीत दामदुप्पट देणाऱ्या योजनांना भुलणारे आजही आहेत, आणि त्या काढणारेही आहेत. ‘खोसला का घोसला’ (२००६) ह्या विनोदी चित्रपटात निवृत्त गृहस्थाचा भूखंड गिळंकृत करणारा दलाल भेटतो, त्यालाही आपण ओळखतो. राही अनिल बर्वे ह्यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) ह्या भयपटात तर आयत्या सुवर्णमुद्रांच्या हव्यासाने पिढ्यांचा नाश होतो. त्यांतील राक्षसापेक्षा आम्हांस भय वाटले ते बापाने लेकराला दिलेल्या शिकवणीचे.

ह्या साऱ्यांत आम्हांस श्याम बेनेगल ह्यांचा ‘मंथन’ (१९७६) सर्वांत न्याय्य वाटतो. त्यातील डेअरीमालक मिश्रा गावाचे दूध पडत्या भावाने घेतो. सहकारी संस्था मात्र दुधातील स्निग्धांश मोजून दाम देते. येथे आरोप नेमका आहे: माल जोखण्यातच अन्याय झाला. असा आरोप व्यापाऱ्याने ऐकावा आणि घरी येऊन आपली तागडी तपासावी. ह्या चित्रपटाचे भांडवलही गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभे केले, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

आता स्तुतीविषयी. मणिरत्नम ह्यांच्या ‘गुरू’ (२००७) मध्ये व्यापारी एकदाचा नायक झाला म्हणून आपल्याकडे अनेकांस आनंद झाला. चित्रपट रंगतदार आहे, यात शंका नाही. परंतु कायदे मोडल्याचा आरोप झालेला गुरुकांत देसाई आपल्या वाक्चातुर्याने सभा जिंकतो, आणि भागधारकांच्या टाळ्यांत हिशेबाचा प्रश्न विरून जातो. यशस्वी झाल्यावर सारे माफ, ही शिकवण आम्हांस सुखीलालापेक्षा अधिक घातक वाटते. सुखीलालासारखे व्हावे असे कोणत्याही मुलाला वाटत नाही. गुरूसारखे व्हावे असे पुष्कळांना वाटते.

मग चित्रपटांत नाही ते काय? नाही ती ‘पत’. सकाळी दुकान उघडणे, रोजमेळ जुळविणे, अडलेल्या गिऱ्हाइकाला उधार देणे, चिठ्ठीचपाटीवाचून दिलेला शब्द तोटा सोसूनही पाळणे, ह्यांत नाट्य नाही. विश्वासघात पडद्यावर दोन मिनिटांत दाखविता येतो. तीस वर्षे टिकलेला विश्वास दाखवावयाचा तर कॅमेरा लावावा कोठे? ही अडचण खरी आहे, आणि तिच्यासाठी दिग्दर्शकांस दोष देण्याचे कारण नाही.

तथापि खुद्द चित्रपटाचा जन्म ह्या पतीवरच झाला आहे. दादासाहेब फाळके ह्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली विलायत गाठली. परत आल्यावर वाटाण्याचे रोप वाढतानाचा लहानसा चित्रपट करून त्यांनी तो निवडक मंडळींस दाखविला, तेव्हा कर्ज देणारे पुढे आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याची भूमिका करणारे तरुण व्ही. शांताराम चारच वर्षांनी, १९२९ साली, दामले, फत्तेलाल व धायबर ह्यांच्यासह कोल्हापुरात ‘प्रभात’ कंपनी काढण्यास निघाले. त्यांच्यापाशी कला होती, भांडवल नव्हते. ते घेऊन पाचवे भागीदार झाले सीतारामपंत कुलकर्णी, आणि ते होते सराफ! पडद्यावर सावकाराने बुडविलेला शेतकरी पडद्यामागे सराफाच्या विश्वासाने उभा राहिला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच गावात घडल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

क्वचित हे पडद्यावरही उतरले आहे. परेश मोकाशी ह्यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) घरातील सामान विकून धंदा मांडणारे फाळके आणि हसतमुखाने साथ देणाऱ्या सरस्वतीबाई पाहाव्या, नव्या व्यवसायाचे इतके प्रसन्न चित्र दुसरे नाही. त्याच वर्षीच्या ‘रॉकेट सिंग’मध्ये संगणक विकणारा एक तरुण लाच न देता, वेळीअवेळी गिऱ्हाइकाच्या हाकेला धावून धंदा उभारतो. मालक तो धंदा रुपयाला विकत घेतो. परंतु गिऱ्हाइकांना दिलेली वचने त्याच्याने पाळवत नाहीत, आणि अखेर ज्याचा त्याला परत करावा लागतो. नाव विकत मिळते, पत मिळत नाही, हे ह्याहून सोपे करून कोणी सांगितल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

हा विषय केवळ करमणुकीचा नाही. आपली मुले शिकून नोकरीसाठी दूर जातात, त्यास आमचा विरोध नाही. पण पेढी म्हणजे एकतर सुखीलालाची ओटी, नाहीतर गुरूची सभा, एवढेच त्यांच्या मनात असेल, तर त्यांनी पेढी नाकारली हे म्हणणेही खरे नव्हे. त्यांना ती दिसलीच नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. संघाने वार्षिक संमेलनात मुलांसह एक चित्रपट दाखवावा. एके वर्षी ‘मंथन’, दुसऱ्या वर्षी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. चित्रपट संपल्यावर मुलांनी प्रश्न विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी, चिडून न जाता, आपल्या पेढीवर काय होते व काय होत नाही ते सांगावे. अवघड प्रश्न येतील. व्याजाचे येतील, वजनाचे येतील, पावतीचेही येतील. ज्यास उत्तर देता येईल त्याच्या पेढीची ओळख मुलांना करून देण्यास दुसऱ्या कोणाची गरज उरणार नाही. पुढील संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत ह्या सूचनेचा विचार व्हावा, एवढे लिहून लेखणी आवरती घेतो.