फॅशन डिझाइनसाठी लंडनला जायचंय? आधी 'प्लेसमेंट'चा अर्थ समजून घ्या

कुपवाड असो वा सांगली, कॉलेज निवडताना घरचे हमखास विचारतात, 'प्लेसमेंट कशी आहे?' आपल्याकडे या शब्दाचा अर्थ आहे शिक्षण संपताना मिळणारी नोकरी. ब्रिटनमध्ये तो वेगळा आहे. लाखोंचं कर्ज काढणाऱ्या घराचा हिशोब नेमका इथेच चुकू शकतो.

तिथे प्लेसमेंट म्हणजे काय?
लंडन कॉलेज ऑफ फॅशनसारख्या संस्थांमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाआधी एखाद्या ब्रँडमध्ये किंवा स्टुडिओत काम करता येतं. ते संपलं की पुन्हा वर्गात. म्हणजे हा अनुभव आहे, नोकरीची हमी नाही.

पगार मिळतो का?
काही ठिकाणी मिळतो. पण अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या, एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला किमान वेतन देण्याची सक्ती ब्रिटनच्या कायद्यात नाही. खोलीचं भाडं मात्र चुकत नाही. स्टुडंट व्हिसावर स्वतः शिवलेले कपडे विकण्याचा व्यवसायही करता येत नाही.

पदवीनंतर काय?
ग्रॅज्युएट व्हिसावर २ वर्षं राहून काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी ही मुदत १८ महिन्यांवर येणार आहे.

मग काय विचारायचं?
प्लेसमेंट कॉलेज देतं की स्वतः शोधायची? त्या काळाची फी किती? मागच्या बॅचमध्ये किती जणांना पगार मिळाला?

कापड कसं तयार होतं, हे तर विटा आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवरही पाहता येतं. लंडनचा खर्च त्यापुढचं काय देणार, याचं उत्तर कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी मिळायला हवं.