एका मुलखाला एकच रंग

11 नोव्हेंबर 1444. आदल्याच दिवशी वार्नाच्या लढाईत ऑटोमन फौजेने पोलंड-हंगेरीच्या तरुण राजाला ठार केलं आहे. कॉन्स्टँटिनोपल अजून बायझंटाइनांकडे आहे. दख्खनेत बहमनी आणि विजयनगर एकमेकांवर डोळा ठेवून आहेत. ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ हा गेम या दिवशी सुरू होतो आणि 1821 पर्यंत चालतो. खेळाडूने नकाशावरचं कुठलंही राज्य निवडावं आणि पुढची पावणेचारशे वर्षं ते सांभाळावं. फ्रान्स घ्या, मिंग चीन घ्या, नाहीतर आफ्रिकेतलं काँगो. फिलिप तिबो या फ्रेंच माणसाच्या बोर्डगेमवरून स्टॉकहोमच्या पॅरडॉक्स कंपनीने ही मालिका उभी केली. तिचा हा चौथा भाग 2013 साली आला आणि आजही खेळला जातो.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला न जमणारी एक गोष्ट या गेमला जमते. मुलूख जिंकणं सोपं आणि पचवणं अवघड, हे तो खेळाडूच्या अंगी मुरवतो. जिंकलेला प्रांत लगेच आपला होत नाही. तो राज्यात मुरवायला वेळ जातो, प्रशासनाचे गुण खर्ची पडतात. हाव धरून एकदम फार घास घेतला की ठिकठिकाणी बंडं पेटतात. आणि शेजारी काय गप्प बसतात? तुमची भूक वाढताना दिसली की कालचे हाडवैरीही एकत्र येऊन तुमच्याविरुद्ध आघाडी उघडतात. लुई चौदाव्याविरुद्ध सगळा युरोप का एकवटला, हे दहा पानं वाचून जेवढं कळत नाही तेवढं इथे एका फसलेल्या मोहिमेत कळतं.

योगायोगालाही गेम योग्य तो मान देतो. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स 1477 मध्ये नान्सीच्या लढाईत पडला, मागे फक्त मुलगी उरली, आणि तिच्या लग्नाबरोबर नेदरलँड्सचा श्रीमंत पट्टा हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. एक माणूस मेला आणि युरोपचा तोल बदलला. गेममध्ये हा प्रसंग ठरलेल्या तारखेला घडत नाही, कधीकधी घडतच नाही. त्याची वाट पाहत फ्रान्स आणि ऑस्ट्रिया खेळणारे दबा धरून बसतात.

खटकणाऱ्या गोष्टीही बऱ्याच आहेत. दर महिन्याला राज्याला प्रशासन, मुत्सद्देगिरी आणि लष्कर असे तीन प्रकारचे गुण मिळतात. राजाची कुवत शून्य ते सहा या मापात मोजलेली. वारस शून्याचा निघाला की पिढीभर प्रगती रखडते. प्रजा, कारागीर, सावकार जणू नुसते बघत बसलेले. नवं तंत्र शिकायचं तर याच गुणांतून, गावाची भरभराट करायची तीही याच गुणांतून. खेळाडू या गुणांना कुचेष्टेने ‘माना’ म्हणतात, म्हणजे जादूगाराची शक्ती. ती चेष्टा रास्तच आहे.

व्यापाराची गोष्ट त्याहून गंभीर. नकाशावर व्यापाराचे बाण आखलेले आहेत आणि ते कायमचे एकाच दिशेने वाहतात. गुजरातचा पैसा एडन, अलेक्झांड्रियामार्गे व्हेनिस आणि जिनोव्हाकडे जातो, नाहीतर आफ्रिकेला वळसा घालून इंग्लिश खाडीत. हिंदुस्थानातला खेळाडू कितीही प्रबळ झाला तरी बाण उलटा फिरवू शकत नाही. प्रत्यक्षात या काळात माल पश्चिमेला जात होता आणि त्याची किंमत म्हणून अमेरिकेच्या खाणींतली चांदी पूर्वेकडे येत होती. सुरतेच्या पेढ्या तिच्यावर उभ्या होत्या. गेममध्ये तो परतीचा प्रवाहच नाही.

पण गेमची खरी मर्यादा कळते ती सतराव्या शतकाच्या अखेरीस सह्याद्रीत जे घडलं ते त्याच्या नियमांत बसवून पाहिलं की. गेममध्ये युद्धाचा हिशेब गुणांत होतो. राजधानी पडली, किल्ले पडले की शत्रूचे गुण शंभराकडे सरकतात. मग हरणाऱ्याने तह नाकारला तर त्याच्याच राज्याचं स्थैर्य ढासळतं. राज्य लहान असेल तर एका तहात गिळूनही टाकता येतं.

आता 1689 पाहा. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. वर्ष संपायच्या आत रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा नाही, राजधानी नाही, वारस शत्रूच्या छावणीत. गेमच्या हिशेबाने खेळ खलास. पण राजाराम महाराज जिंजीला पोचले, इकडे रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार चालवला, संताजी-धनाजींनी मोगलांची रसद तोडली आणि अजून हाती न आलेल्या मुलखाची वतनं देऊन सरदार बांधून ठेवले गेले. राजाराम महाराज 1700 मध्ये गेल्यावर ताराबाईंनी सूत्रं घेतली. औरंगजेब सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड एकामागून एक घेत राहिला, त्यांतले काही किल्लेदारांना पैसे चारून. त्याची पाठ फिरली की मराठे ते परत घेत. 1707 मध्ये अहमदनगरजवळ तो वारला तेव्हाही युद्ध चालूच होतं.

डोंगराचा अडसर गेमला कळतो, नाही असं नाही. पर्वतावर चाल करणाऱ्याच्या फाशातून दोन गुण वजा होतात, परमुलखात सैन्य झिजतं. राजधानीवाचून चालणारं राज्य मात्र त्याच्या कल्पनेत बसत नाही. चौथाई तर त्याहूनही नाही. 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, सुभे मात्र नावाने बादशहाचेच राहिले. एकाच गावच्या वसुलावर दोन सत्तांचा हक्क, शिवाय देशमुख-पाटलांचे हक्क वेगळे. गेममध्ये एका प्रांताला एकच मालक आणि एकच रंग.

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं जे केलं आहे ते तर अंगावर येतं. वसाहत उभारताना त्यांच्यावर हल्ला करायचं एक बटण आहे. दाबलं की आकडा कमी होतो आणि काम पुढे सरकतं.

पैशांचंही बोललं पाहिजे. मूळ गेम घेतला की भागतं असं नाही. जोडभाग येत राहिले आणि प्रत्येकाची किंमत निराळी. हिंदुस्थानवर भर देणारा ‘धर्मा’ 2018 मध्ये आला. 2021 च्या ‘लेव्हायथन’मध्ये इतके दोष निघाले की खेळाडूंनी तो झोडपून काढला आणि स्टुडिओला जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, सगळे जोडभाग मासिक वर्गणीत मिळू लागले होते. तुकड्यातुकड्याने विकण्याची ही रीत सदोष होती याची ती कबुलीच म्हणायची.

पाचवा भाग नोव्हेंबर 2025 मध्ये आला. तो 1337 मध्ये सुरू होतो, म्हणजे दिल्लीत मुहम्मद बिन तुघलक आहे, विजयनगर नुकतं उभं राहिलं आहे आणि बहमनी राज्याला अजून दहा वर्षं अवकाश आहे. ‘माना’ गेली, तिच्या जागी लोकसंख्या आली. राजधानीपासून जितकं दूर तितकी सत्तेची पकड सैल, हा नवा नियम तर तुघलकाच्या दौलताबादसाठीच केल्यासारखा आहे. व्यापारही आता बाजारपेठांमधून चालतो, आखलेल्या बाणांवर नाही. ठिकाणाचा मालक मात्र अजूनही एकच असतो.