शेजारचा निरोप शेजारी

आमच्या पुतण्याची विहीर आणि मोटारीचा स्टार्टर यांत जेमतेम वीस पावलांचं अंतर. त्यानं हौसेनं विहिरीत पाण्याची पातळी ओळखणारं यंत्र बसवलं. पाणी तळाला गेलं की मोटार आपोआप बंद! शेतीची लाईट रात्रीची; जागरण वाचलं म्हणून घरात आनंद. एका रात्री मात्र लाईट होती आणि इंटरनेट गेलं. पाणी संपल्याचं यंत्राला कळलं, मोटारीला कळलंच नाही. ती कोरडी फिरून जळाली. कारण वीस पावलांवरचा निरोप आधी दूरच्या शहरातल्या कंपनीच्या संगणकाकडे जाणार आणि तिथून परत येणार!

निरोपांची अशी ने-आण करणाऱ्या व्यवस्थेला ‘मेसेज ब्रोकर’ म्हणतात. ब्रोकर म्हटलं की आपल्याला शेअरबाजार आठवतो. पण हा आपल्या टपाल कचेरीसारखा. पाठवणाऱ्यानं विषय लिहून निरोप टाकायचा. त्या विषयासाठी ज्यांनी नाव नोंदवलंय, त्या सर्वांना तो पोचतो. यासाठीची ‘एमक्यूटीटी’ ही प्रसिद्ध पद्धत १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तयार केली, ती तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी. संपर्क महाग आणि बेभरवशाचा, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. आम्हाला यंत्र विकणाऱ्यानं मात्र नेट जाणारच नाही, असं धरलं!

उपाय साधा आहे. कचेरी शेतातच उघडावी. पानाच्या डब्याएवढा संगणक त्याला पुरतो. जिथं गरज तिथंच हिशेब, यालाच ‘एज कॉम्प्युटिंग’ म्हणतात. मग अशा गावोगावच्या कचेऱ्या एकमेकींशी आणि शहरातल्या मोठ्या कचेरीशी जोडायच्या. खरी कसोटी इथं लागते.

पहिली गोष्ट पत्त्याची. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिनकोड दिला आणि सहा आकड्यांत पत्राची वाट ठरली. इथंही गाव, शेत, विहीर, पाणी अशी विषयांची उतरंड सर्वांनी एकच पाळली पाहिजे. दुसरी गोष्ट दिशेची. तीन कचेऱ्या गोलाकार जोडल्या आणि कुठला निरोप कुठं जायचा हे ठरवलं नाही, तर एकच निरोप गरगर फिरत राहतो. तिसरी गोष्ट मुदतीची. संपर्क तुटल्यावर निरोप जपून ठेवावेत हे खरं. पण रात्रीचा ‘मोटार चालू कर’ हा हुकूम सकाळी पोचला तर? २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या पाचव्या आवृत्तीत निरोपावर मुदत घालण्याची सोय आहे. ती वापरायला हवी. शिवाय पोचेपर्यंत पुन्हापुन्हा पाठवलेला निरोप कधी दोनदाही पोचतो. म्हणून ‘आणखी दहा मिनिटं चालव’ असं सांगण्यापेक्षा ‘पाच वाजेपर्यंत चालव’ असं सांगावं. दोनदा ऐकलं तरी बिघडत नाही.

शहरातल्या संगणकाशी माझं वैर नाही. महिन्याचा हिशेब, गावभरच्या विहिरींचा अंदाज ही कामं त्यानंच करावीत. पण घरची चूल विझवायला कोणी मुंबईच्या मामाची परवानगी मागत नाही.

पुतण्यानं मोटार पुन्हा भरून घेतली. आता कुठलंही यंत्र विकायला कोणी आला की तो आधी एकच प्रश्न विचारतो, ‘नेट गेल्यावर हे काय करतं?’ ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी असो की सोसायटीचा पंप, वाचकहो, तुम्हीही पैसे मोजण्यापूर्वी तो जरूर विचारा.