साके : म्हातारपणीचा छंद

सत्तरीतल्या निवृत्त मास्तराला साकेचा छंद आहे म्हटलं की लोकांच्या भुवया उंचावतात. त्यांचं चूक नाही. दारूपायी बापाने संसार बुडवला म्हणून शाळा सोडून कामाला लागलेली मुलं मीही पाहिली आहेत. तरीही मंडळी, भीतीपोटी विषयच टाळणं मला पटत नाही.

चाकण पट्ट्यात जपानी कंपन्या आल्या, आपली मुलं जपानी शिकली. अशाच एका माजी विद्यार्थ्यामुळे साकेची ओळख झाली. ही तांदळाची. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. हातभट्टीसारखं उकळून गाळणं नाही. मद्यार्क साधारण १५ टक्के.

आपण मावळचा हातसडीचा इंद्रायणी कौतुकाने खातो. 'दाइगिंजो' साकेसाठी मात्र निम्मा दाणा घासून काढतात. बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश चव जड करतात म्हणून!

या कलेला २०२४ साली युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मोहाच्या दारूचं नाव काढलं की मात्र पोलिसांची धाडच आठवते.

जपानी रीत अशी, की आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. चारचौघांत, बोलत, थोडं. काळ्या पिशवीतून लपवून आणणाऱ्याला ना चव कळते, ना थांबायचं कुठे ते. असो. मी रीतसर परवाना काढला आहे आणि महिन्याला दोन छोटे पेले मला पुरतात.