आम्हांला प्रमाणपत्र नको, वाचक हवेत

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की आमच्या धर्मग्रामांच्या सभागृहांत एक ठरलेला सोहळा होतो. पाहुणे व्यासपीठावर येतात, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, मराठीची थोरवी गाणाऱ्या, चार ओव्या म्हणतात, टाळ्या पडतात आणि मराठीवर एवढे प्रेम करणाऱ्या पाद्रीबाबांचे वारस म्हणून आमची पाठ थोपटली जाते. आम्हीही सुखावतो. चहापान होते, माणसे घरोघर जातात आणि पुढील वर्षापर्यंत ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव कोणी काढीत नाही.

या सोहळ्याविरुद्ध आज आम्हांला लिहावयाचे आहे. ज्या ग्रंथात १०,९६२ ओव्या आहेत त्यातील चारपाच आम्हांला पाठ आहेत. उरलेल्यांत काय आहे, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देऊ शकतील? न वाचलेला ग्रंथ मिरविणे याला साहित्यप्रेम म्हणत नाहीत. आम्ही त्या ओव्यांचे प्रमाणपत्र केले आहे. कोणी आमच्या मराठीपणावर शंका घेतली की ते खिशातून काढायचे आणि दाखवायचे, एवढाच त्याचा उपयोग.

अशी शंका घेतली जाते, हे आम्ही नाकारीत नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत याच गोष्टीवर काहींनी आक्षेप घेतला. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादन करणाऱ्या, ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणाऱ्या लेखकाला आपले मराठीपण पटवून द्यावे लागावे, याचे दुःख आम्हांलाही झाले. परंतु जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले, तेव्हा आमच्या किती घरांत त्यांचे एखादे पुस्तक निघाले असते, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांना विचारण्याचा नाही. तो आम्ही आम्हांला विचारावयाचा आहे.

‘ख्रिस्तपुराण’ उघडले तर पहिल्याच अवस्वरूत एक प्रसंग भेटतो. साष्टीतील देवळात एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? अवघा ग्रंथ म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर होय. म्हणजे आमच्या वाङ्मयाच्या उगमापाशी लेखक एकटा उभा नाही. त्याच्यापुढे मागणी करणारा वाचक उभा आहे. धर्म बदलला तरी कथा ऐकण्याची, ती आपल्या भाषेत आणि आपल्या छंदात ऐकण्याची भूक त्याने सोडली नव्हती. त्याच्या मागणीमुळे १५७९ साली गोव्यात उतरलेल्या एका इंग्रज येशूसंघीयाला ओवीचे शिष्यत्व पत्करावे लागले. या भूमीतील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्याने १५८३ मध्येच आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदविले होते. शिकवायला आलेला माणूस आधी शिकला. परिवर्तन झाले ते दोन्ही बाजूंचे, आणि ते साहित्याने घडविले.

पण एवढेच सांगून थांबणे म्हणजे पुन्हा सोहळाच करणे. ती मागणी ज्या काळात झाली त्याकडेही पाहिले पाहिजे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरे पाडली गेली. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली, आणि पुढे वाटाघाटीसाठी असोळणे येथे बोलाविलेल्या गावकऱ्यांना पोर्तुगीजांनी ठार केले. याच साष्टीत स्टीफन्स यांचे आयुष्य गेले आणि याच साष्टीतील रायतूर येथे १६१६ साली त्यांचा ग्रंथ छापला गेला. ‘वर्ज्य केलीत’ या साध्या शब्दांमागे केवढी सत्ता उभी आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या ब्राह्मणाचा प्रश्न कळणार नाही.

येथे काही सज्जन आम्हांला थांबवितात. जुनी मढी कशाला उकरून काढता, विरोधकांच्या हाती कोलीत देऊ नका, असे ते म्हणतात. आमचे उत्तर असे की कोलीत त्यांच्या हाती आहेच. आमचा इतिहास आम्ही वाचला नाही, तर तो आमच्याविषयी इतर वाचतील आणि आम्ही कोण हे तेच ठरवतील. कोणी म्हणेल, हे सारे राज्यकर्त्यांचे कपट होते; कोणी म्हणेल, हे सारे मराठीवरील निर्मळ प्रेम होते. ग्रंथ न वाचता दोन्ही म्हणता येते. वाचणाऱ्याला मात्र एवढे सोपे बोलता येत नाही. मूर्तिपूजेवर कठोर प्रहार करणारा कवी आणि स्वर्गाला नि:संकोच ‘वैकुंठ’ म्हणणारा कवी एकच आहे, हे त्याला सोसावे लागते. हे सोसणे म्हणजेच साहित्याचा अभ्यास.

सत्तेला भाषेचे भय वाटते, याचा पुरावाही याच इतिहासात आहे. हे पुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यानंतर तीसच वर्षांनी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉय काउंट आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि आपली बोली टाकावी. ज्या राजवटीत आमच्या पूर्वजांचे ग्रंथ छापले गेले, तिनेच त्यांची जीभ छाटायला घेतली. तरी पुराण नष्ट झाले नाही. त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, म्हणजे बसून अक्षर न् अक्षर उतरविणाऱ्या वाचकांमुळे. लंडनमध्ये जपलेल्या देवनागरी हस्तलिखितात तर रोमन प्रतींतील अनेक पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत शब्द दिसतात. पवित्र गोष्टींना कोणत्या भाषेतील नावे द्यायची, हा वाद म्हणजे आपण कोण आहोत याचाच वाद होता, आणि तो आमच्या लोकांनी लेखणीने केला.

आज कोणी फर्मान काढलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना दार उघडून दिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. असे असताना आम्ही स्वखुशीनेच ते तीन वर्षांचे फर्मान अमलात आणीत आहोत की काय, अशी भीती वाटते. घरी आजीआजोबा सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, मिस्सा प्रमाण मराठीत होते, आणि नातवाला दोन्ही अर्धवट समजतात. इंग्रजी माध्यमाला आमचा विरोध नाही. पोटाची आणि नोकरीची काळजी आम्हांलाही आहे. पण ‘पुस्तके वाचून भाकरी मिळत नाही’ हे वाक्य आम्ही आमच्या मुलांसमोर उच्चारतो, तेव्हा माणूस केवळ भाकरीने जगत नाही, हे देवळात ऐकलेले आम्ही घराच्या उंबऱ्यावरच सोडून देतो.

ग्रंथ मिळत नाही, ही सबबही आता चालणार नाही. १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी तो संपादून छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली, आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठीतील अनुवादासह तो आमच्या हाती ठेवला. चार पिढ्यांतील माणसांनी ताट वाढून ठेवले आहे. हात धुऊन पाटावर बसण्याचे काम तेवढे आमचे आहे.

म्हणून आम्ही सुचवितो: पहिल्या पुराणाचे छत्तीस आणि दुसऱ्याचे एकोणसाठ, असे मिळून पंच्याण्णव अवस्वरू आहेत. प्रत्येक धर्मग्रामात आठवड्याची एक संध्याकाळ राखावी, एक अवस्वरू मोठ्याने वाचावा, अडलेला शब्द वडीलधाऱ्यांनी आपल्या बोलीतून उकलून सांगावा आणि मुलांनी निर्भयपणे प्रश्न विचारावेत. ‘वर्ज्य का केली?’ हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला गप्प बसवू नये. दोन वर्षांच्या आत ग्रंथ पुरा होईल. त्यानंतर येणाऱ्या गौरव दिनी पाहुण्यांना बोलाविले नाही तरी चालेल. साष्टीच्या देवळात ज्याने प्रथम पुस्तक मागितले, तो आमचा खरा पूर्वज आहे. त्याला चारशे वर्षांपूर्वी मिळालेले उत्तर आम्ही अजून पुरते ऐकलेले नाही.